हुद्द्याप्रमाणे मेमरी वाटल्याबद्दल

प्रति,
मा. संचालक,
ध्वनिसंग्रह व जतन कार्यालय,
दुसरा मजला, पडदे असलेले दालन.

मार्फत : थेट. (योग्य मार्गाने पाठवलेले याआधीचे अर्ज अद्याप मार्गातच आहेत.)

विषय : लॅपटॉपचा प्रोसेसर व मेमरी हुद्द्याऐवजी काम पाहून देण्याबाबत, निदान एका फितीपुरती.

संदर्भ : १. आपला पदनिहाय लॅपटॉप वाटपाचा आदेश.
२. अर्जदारास बजावलेली कारणे दाखवा नोटीस.
३. अर्जदाराचे याच विषयावरचे अर्ज, ज्यांना उत्तर नाही.

महोदय,

१. अर्जदार ही या कार्यालयाच्या तळघरातील फीत कक्षात ध्वनी सहायक आहे. जुन्या चुंबकीय फितींवरचे आवाज संगणकात उतरवून घेणे हे तिचे काम. फितींच्या खरखरीत दिवस जातो म्हणून कार्यालयात तिला मागे 'खरखरबाई' म्हणतात, हे तिला ठाऊक आहे. कार्यालयीन पद्धतीप्रमाणे अर्जात 'मी' लिहायचे नसते, म्हणून ती स्वतःचा उल्लेख अर्जदार असा करत आहे. एका परीने हे बरेच झाले. 'मी' लिहायला बसली असती तर पुढचा मजकूर एवढ्या सभ्य भाषेत उतरला नसता.

२. आपल्या नोटिशीत म्हटले आहे की, खाणवस्तीतल्या मुलाखतींच्या पहिल्या रिळाचे ध्वनिमुद्रण जागोजागी तुटले असून त्यास अर्जदाराचा हलगर्जीपणा कारणीभूत आहे; सबब तिला फीत कक्षातून हलवून आवक-जावक टेबलावर का बसवू नये, याचे कारण तिने दाखवावे. अर्जदार कारण दाखवत आहे. ते आपल्याच दालनात, आपल्याच मेजाच्या उजव्या कोपऱ्यात आहे, आणि त्याच्या झाकणावरचे पारदर्शक प्लास्टिक अजून कोणी सोललेले नाही.

३. या कार्यालयात कोणाच्या खुर्चीला हात असावेत, कोणाच्या खुर्चीची पाठ मानेपर्यंत यावी, कोणाच्या मेजावर काच असावी आणि कोणाच्या खिडकीला पडदा, हे सगळे हुद्द्यावरून ठरते. याबद्दल अर्जदाराने कधी ब्र काढला नाही. तळघराला खिडकीच नाही, त्यामुळे पडद्याचा प्रश्नच आला नाही. पण नवे लॅपटॉप आले तेव्हा आपण तोच खुर्च्यांचा तक्ता पुढे ओढलात आणि खुर्चीच्या जागी लॅपटॉप लिहून खाली सही ठोकलीत. संचालकांना चौसष्ट जीबी मेमरी आणि सर्वांत ताज्या पिढीचा प्रोसेसर. उपसंचालकांना त्याच्या पाव. विभागप्रमुखांना त्याच्या निम्मे. आणि 'इतर कर्मचारी' या शेवटच्या ओळीत, बिनहाताच्या खुर्चीवाल्यांना, चार जीबी. त्या तक्त्यात काम काय आहे असा रकानाच नव्हता. खुर्चीला तो लागत नाही, म्हणून यंत्रालाही लागत नसावा, अशी आपली समजूत दिसते. आपली ई-पत्रे स्वीय सहायक कागदावर छापून आपल्यासमोर ठेवतात. आपण त्यावर हिरव्या शाईने लिहिता. या सगळ्यात लॅपटॉपचे काम कुठे येते, ते अर्जदाराला आजतागायत उमगलेले नाही.

४. अर्जदार प्रथम भांडार अधिकाऱ्यांकडे गेली. त्यांनी ती काहीतरी मागायला आली आहे हे चेहऱ्यावरूनच ओळखले आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग मात्र ते हसले. म्हणाले, "अहो, तक्रार तर साहेबांनी करायला हवी! तुमच्या मशीनवर बघा, तीन पूर्णांक चार गिगाहर्ट्झ. साहेबांच्यावर दोन पूर्णांक चार. आणि मेमरी तुम्हाला एक टीबी, साहेबांना पाचशे बारा जीबी फक्त. सगळ्यात भारी माल तळघरात गेलाय, बाई." हे बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरला. आपण स्वतःच काय बोलून बसलो हे त्यांच्या ध्यानात आले. खालच्या लोकांकडे साहेबांपेक्षा मोठा आकडा, म्हणजे आदेशाचा भंग! दुसऱ्याच दिवशी ते सगळ्या मजल्यांवरून फिरले आणि 'इतर कर्मचारी' वर्गातल्या प्रत्येक लॅपटॉपवरचे माहितीचे स्टिकर नखाने खरवडून काढले. साहेबांच्या नजरेस पडायला नको, एवढेच त्यांनी कारण दिले. नोटीस कोणाला द्यायची याबद्दल शंका असल्यास त्यांच्या नखांत अजून गोंद उरला असेल.

५. महोदय, एक टीबी म्हणजे मेमरी नव्हे. ते कपाट आहे. मेमरी म्हणजे मेज. अर्जदाराच्या कक्षात कपाटे छताला टेकली आहेत, पण काम कपाटात बसून होत नाही, मेजावर होते. मेजावर जेवढे मावेल तेवढेच हाताशी असते. मेज भरले की एक वस्तू उचलून कपाटात ठेवायची, तिथली दुसरी काढून आणायची, आणि हा हेलपाटा चालू असताना हातातले काम थांबते. टंकलेखन थांबले तर बिघडत नाही, अक्षर कुठे पळून जात नाही. फीत थांबत नाही. ती फिरत राहते, आवाज येत राहतो, आणि लॅपटॉप कपाटाकडे गेलेला असेल तर तो आवाज कोणीही उचलून घेत नाही. त्यात अर्जदाराच्या लॅपटॉपमधले कपाट जुन्या धाटणीचे, आत गरगर फिरणारी तबकडी असलेले आहे. आपले पाचशे बारावाले कपाट लहान खरे, पण त्याचा खण हात लावताच उघडतो. मोठे ते चांगले, हा हिशेब ज्याने केला त्याने आयुष्यात कधी लॅपटॉप निवडलेला नाही. फार तर कपाट निवडले असेल.

६. गिगाहर्ट्झचेही तेच. तो आकडा प्रोसेसर एका क्षणात किती ठोके देतो एवढेच सांगतो. एका ठोक्यात काम किती उरकते आणि ठोके देणारे हात किती आहेत, हे त्या आकड्यात नसते. अर्जदाराच्या प्रोसेसरला हात दोन, आणि तेही कधीच्या पिढीचे. तो घाईघाईने ठोके देतो आणि थोडेसेच उरकतो. कार्यालयात असे लोक आपल्याही परिचयाचे असतील. शिवाय तो थोड्या वेळात तापतो, आणि तापला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग उतरवतो. तळघरात वारा नाही. म्हणजे स्टिकरवरचा तो तीन पूर्णांक चार फक्त सकाळी खरा असतो, आणि आता स्टिकरही राहिले नाही. आपला दोन पूर्णांक चारवाला त्याच्यासारखे चार सहज सांभाळील. तो आपल्या दालनात थंड हवेत झोपलेला आहे.

७. आता फितीविषयी, कारण आपण नोटिशीत 'पुनर्मुद्रण करून घ्यावे' असे लिहिले आहे. ते वाचून अर्जदाराच्या अंगाचा तिळपापड झाला. फीत कक्ष आपल्या अखत्यारीत येतो. तिथे काय चालते हे आपण कधीतरी जिना उतरून विचारले असते तर ती ओळ लिहिली नसती. त्या काळच्या फितींवर आवाज धरून ठेवणारा जो लेप असतो, तो वर्षानुवर्षे दमट हवेत राहून चिकट होतो. तशीच चालवली तर फीत यंत्राला चिकटते आणि लेप सोलून निघतो, आवाजासकट. म्हणून तिला आधी मंद उष्णतेत सुकवावी लागते. सुकवली की काही आठवडे ती चालण्याजोगी राहते, मग पुन्हा चिकट होते. ही फीत तर आधीच एकदा सुकवून झालेली, कडेने विरलेली. पहिले रीळ शेवटापर्यंत गेले तेव्हा यंत्राच्या हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, तांबडा लेप बसला होता. त्याचे पुनर्मुद्रण होणे नाही. दुसरे रीळ सुकवून तयार आहे, आणि त्याची मुदत सरत आली आहे.

८. त्या रिळांवर एका खाण कामगाराची बायको बोलते. या कार्यालयातल्या कोणी एके काळी खाणवस्तीत जाऊन बायकांच्या मुलाखती घेतल्या होत्या, त्यांतली ही एक. मुलाखतीनंतर काही महिन्यांतच ती आजारपणात गेली. तिची धाकटी मुलगी तेव्हा एवढीशी होती. ती मुलगी म्हणजे आपल्या दालनाचे पडदे शिवणाऱ्या बाई. मापे घ्यायला आल्या असताना व्हरांड्यातल्या फलकावर त्यांनी वस्तीचे नाव वाचले आणि विचारत विचारत तळघरात आल्या. मोठ्या बोलघेवड्या बाई. उसवलेल्या शिवणीपासून जावेच्या गुडघ्यापर्यंत सगळे सांगून झाल्यावर खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाल्या, "ताई, आईचा चेहरा फोटोत आहे. आवाज कसा होता ते मात्र कुणालाच सांगता येत नाही. थोरल्या बहिणीला विचारलं तर म्हणते, आईसारखा होता. आता हे काय उत्तर झालं?" अर्जदाराने त्यांना शब्द दिला. शब्द देताना आपला पदनिहाय आदेश तिच्या ध्यानात राहिला नाही, एवढी चूक ती कबूल करते.

९. पहिले रीळ लावले त्या दिवशी काय घडले ते नोटिशीत नाही, म्हणून अर्जदार ते येथे लिहीत आहे. तिच्याखेरीज अन्य कोणी लिहिणार नाही. पूर्वी या कामासाठी कक्षात एक जुना संगणक होता. दिसायला बोजड, पण अर्जदाराच्या गुरुस्थानी असलेल्या निवृत्त ध्वनी अधिकाऱ्यांनी त्यात ठासून मेमरी भरून घेतली होती आणि तो कधी अडखळला नाही. लॅपटॉप येताच तो 'कालबाह्य' ठरवून भंगारात काढला. नव्या लॅपटॉपात अर्जदाराने काही उघडण्याआधीच मेज निम्मेअधिक भरलेले असते. एक विषाणू शोधणारा कार्यक्रम, एक हजेरीचा कार्यक्रम जो अधूनमधून कॅमेऱ्यातून चेहरा पाहून जातो, आणि तिसरा आपला. मुद्रण चालू असताना हे तिन्ही बंद ठेवावेत असा अर्ज तिने केला होता. त्यावर आस्थापनेतून तोंडी उत्तर आले, "हजेरी बंद केली तर तुम्ही कामावर आहात हे आम्हाला कळणार कसं?" तेव्हा उरलेल्या जागेत ध्वनिमुद्रणाचा कार्यक्रम अंग चोरून बसला. फीत फिरू लागली. खरखरीतून एक बाई बोलू लागली, मोकळ्या, किंचित घोगऱ्या आवाजात, पाण्याच्या रांगेबद्दल, नवऱ्याच्या खोकल्याबद्दल. मुलाखत घेणाऱ्याने विचारले, "घरी कोण कोण असतं?" आणि त्याच क्षणी अर्जदाराच्या पडद्यावर आपण आलात.

१०. होय, आपणच. रोज कामाच्या वेळेत सर्व कर्मचाऱ्यांच्या पडद्यावर 'संचालकांचा आजचा विचार' आपोआप उघडतो. मागे सतार वाजते, पुढे आपले हसरे छायाचित्र हळूहळू मोठे होत जाते. तो कसा बंद करायचा हे कोणाला सांगितलेले नाही. त्या दिवशीचा विचार वेळेच्या महत्त्वाविषयी होता. आपले छायाचित्र पुरते मोठे होण्यासाठी लॅपटॉपने मेजावरचे बाकी सगळे उचलून कपाटात टाकले. तबकडी घरघरली, पंखा बोंबलला, आवाजाची रेघ पडद्यावर जागच्या जागी गोठली. फीत मात्र चालूच होती. ती मध्येच थांबवणे म्हणजे चिकटू देणे, म्हणून थांबवताही येत नव्हती. आपण पडद्यावरून गेलात तेव्हा बाई उत्तर देऊन मोकळी झाली होती. मुद्रणात प्रश्न आहे, मग काही नाही, मग "एवढंच." इतका एकच शब्द आहे. पुढेही तसे खड्डे आहेत, पण त्यांचे दुःख अर्जदार या अर्जात मांडत बसत नाही.

११. अर्जदाराच्या कानांवरचा हेडफोन लॅपटॉपला नव्हे, फीत यंत्रालाच जोडलेला असतो. म्हणजे लॅपटॉपला जे ऐकू आले नाही ते तिला आले. ते ऐकलेली जगात आता ती एकटीच आहे, आणि हे ओझे तिने मागितलेले नव्हते. पडदे शिवणाऱ्या बाई ऐकायला आल्या तेव्हा तो खड्डा आल्यावर अर्जदाराने लॅपटॉपवरचे मुद्रण थांबवले आणि जे गेले ते सांगितले. त्यांची आई म्हणाली होती, "तीन पोरं. थोरली शहाणी आहे, मधला हट्टी. धाकटी थेट माझ्यावर गेलीय, उठल्यापासून तिचं तोंड मिटत नाही. तिचा आवाज ऐकला की वाटतं मीच बोलतेय." बाई ऐकत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "ताई, हे तुम्ही सांगितलंत. तिनं सांगितलेलं कुठाय?" महोदय, आपल्या नोटिशीला उत्तर देणे सोपे आहे. त्या बाईला द्यायचे उत्तर अर्जदार कोठून आणणार? त्या उठून गेल्यावर अर्जदार रिकाम्या रिळाकडे बघत रडली. त्या वेळी हजेरीच्या कार्यक्रमाने तिचे छायाचित्र घेतले असल्यास ते आस्थापनेत मिळेल.

१२. यानंतर अर्जदाराने केलेली धडपड आपल्या माहितीसाठी. देखभालीच्या तंत्रज्ञाला तिने मेमरी वाढवून देण्यास सांगितले. त्याने लॅपटॉप उलटा केला, खालचे झाकण उघडले आणि लगेच लावून टाकले. "बाई, यात मेमरी मदरबोर्डवरच डकवून येते. वाढवायची सोयच ठेवलेली नाही. घेतानाच बघून घ्यायला हवं होतं." कोणी बघायला हवे होते, हे सांगण्याचे धैर्य त्याला झाले नाही; ते अर्जदाराला आहे. खासगी यंत्र आणावे तर फीत कक्षात खासगी उपकरण जोडणे हा आपल्याच परिपत्रकाने शिस्तभंग ठरतो. उपसंचालकांकडे त्यांचा लॅपटॉप एका दुपारपुरता मागितला. त्यांनी हात वर केले. "माझा दिला तर उद्या शिपाई माझी खुर्ची मागेल," असे त्यांचे म्हणणे पडले. घरी अर्जदाराच्या पतीने, जे वीजजोडणीची कामे करतात, सल्ला दिला, "अगं, जाऊन बस ना आवक-जावकला. शिक्के मार, वेळेवर घरी ये. कशाला डोकं फोडून घेतेस?" अर्जदाराने त्यांना विचारले की, घर पेटेल अशी तार जोडायला कोणी सांगितले तर ते जोडतील काय. त्यानंतर त्यांनी विषय काढलेला नाही.

१३. मेमरी हुद्द्याला मिळते, कामाला नाही, हे तत्त्व एकदा मान्य केले तर अर्जदारापुढे तीन मार्ग उरतात, आणि ती ते क्रमाने विनम्रपणे मांडत आहे. पहिला, अर्जदारास बढती द्यावी. हा मार्ग आस्थापनेने बंद केला आहे. ध्वनी सहायकाच्या वरचे पद निवृत्त ध्वनी अधिकाऱ्यांबरोबरच संपुष्टात आणले गेले. दुसरा, अर्जदारास न देता फक्त तिच्या लॅपटॉपला बढती द्यावी. त्यास 'प्रभारी उपसंचालक' करावे, म्हणजे नियमाप्रमाणे तो चार जीबीचा राहू शकणार नाही आणि आपोआप बदलावा लागेल. त्याला वेतन लागत नाही, रजा लागत नाही, सेवानिवृत्तीचा निरोप समारंभही लागणार नाही. तिसरा मार्ग सर्वांत सोपा आहे. आपण एका दुपारपुरता ध्वनी सहायक पदाचा अतिरिक्त कार्यभार स्वीकारावा आणि तळघरात येऊन बसावे. आपला लॅपटॉप आपल्या हुद्द्याबरोबर आपोआप खाली येईल. आदेशाचे एक अक्षरही मोडणार नाही. खुर्चीला हात नाहीत, तेवढे सोसावे लागेल.

१४. हा तिसरा मार्ग अर्जदाराने आपल्या स्वीय सहायकांमार्फत तोंडी विचारून पाहिला. ते आत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "साहेब म्हणतात, त्या बाईला सांगा, संचालकांचं सामान दालनाबाहेर जात नसतं." हे उत्तर ऐकून अर्जदार प्रथमच समाधानाने जिना उतरली. सामान बाहेर जात नाही असे आपण म्हणालात. सामान आत येत नाही असे म्हणाला नाहीत.

१५. तरी आपणास कळवण्यात येते की, सोमवारी कार्यालय उघडताच अर्जदार फीत यंत्र कागदपत्रांच्या ढकलगाडीवर घालून दुसऱ्या मजल्यावर आणेल. यंत्र जड आहे. देखभालीच्या तंत्रज्ञाने हात द्यायचे कबूल केले आहे, बहुधा अपराधीपणाने. आपल्या मेजाच्या उजव्या कोपऱ्यातल्या लॅपटॉपवरचे प्लास्टिक अर्जदार स्वतः सोलेल. त्यात ध्वनिमुद्रणाचा कार्यक्रम घालायला फार वेळ लागणार नाही. ते यंत्र चपळ आहे. आपला रोजचा विचार त्या लॅपटॉपवर येत नाही, याची चौकशी तिने करून ठेवली आहे. तो फक्त खालच्यांना पाठवला जातो. मग दुसरे रीळ लागेल.

१६. पडदे शिवणाऱ्या बाई सोबत असतील. अभ्यागतांच्या खुर्चीवर त्या बसतील. त्या खुर्चीला हात आहेत, हे नियमाविरुद्ध असल्यास आपण त्यांना तसे तोंडावर सांगून पाहावे. अर्जदार मात्र उभी राहील. आपण दार लावून घेतलेत तर ती दारात उभी राहील, आणि त्या दिवशी मजल्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ढकलगाडीवर काय आहे, ते आत का जात नाही आणि या आठवड्यानंतर ते का वाजणार नाही, हे सांगेल. यासाठी तिला आवक-जावक टेबलावर बसवायचे असेल तर खुशाल बसवावे. ती तिथेही हेच सांगेल. तिथे माणसे जास्त येतात.

१७. दार उघडे असल्यास आपणाकडून काहीही अपेक्षित नाही. परवानगी मागितलेली नाही, त्यामुळे ती द्यायची तसदी नको. आपण आपल्या उंच पाठीच्या खुर्चीत बसून राहावे. त्या रिळावर नेमके काय आहे हे अर्जदारालाही माहीत नाही. कदाचित ती बाई धाकटीबद्दल आणखी काही बोलली असेल, कदाचित फक्त कोळशाच्या धुळीबद्दल. काहीही असो, ते पुन्हा कधीच वाजणार नाही. म्हणून फीत फिरू लागली की आपण बोलू नये, फोन उचलू नये, घंटी वाजवून कोणाला आत बोलावू नये. एक बाई आपल्या आईचा आवाज कळत्या वयात पहिल्यांदा नीट ऐकत असेल. तेवढा वेळ आपण गप्प बसावे.

आजच्या दिवसापर्यंत आपली नम्र,

(सही)
ध्वनी सहायक, फीत कक्ष, तळघर
दिनांक : शुक्रवार, कार्यालय सुटण्यापूर्वी

सोबत :
१. पदनिहाय वाटपाच्या आदेशाची प्रत; खुर्च्यांचा मूळ तक्ता तुलनेसाठी जोडला आहे.
२. कारणे दाखवा नोटीस, मूळ प्रत, परत.
३. पहिल्या रिळाचे ध्वनिमुद्रण, जसे झाले तसे.
४. लॅपटॉप, एक नग, चार्जरसह.